क्षेत्रभेटीतली रिकामी आसनं

प्राचार्यांनी चहा मागवला तेव्हाच प्रा. दत्तप्रसाद खांबेटे यांनी काय ते ओळखलं. त्यांच्या महाविद्यालयात प्राचार्य दोनच प्रसंगी चहा मागवत : कुणी वारलं तर, किंवा एखादा अभ्यासक्रम बंद करायचा असेल तर. गेल्या वर्षी संस्कृतला चहा मिळाला होता, त्याच्या आदल्या वर्षी तत्त्वज्ञानाला. तत्त्वज्ञानाच्या बाईंनी तर चहा तत्त्वतः नाकारला. विभाग गेला तो गेलाच, वर चहाही गेला. तेव्हा खांबेटे सरांनी कप जवळ ओढला.

"सर, तुमची ती पदविका," प्राचार्य म्हणाले. "लेखनाची."

"सर्जनशील लेखनाची."

"तेच ते. मुलं किती?"

"अकरा."

"आणि येतात किती?"

सरांनी चमच्याने साय बाजूला केली. हा प्रश्न साहित्यिक नव्हता.

"हे बघा," प्राचार्य म्हणाले, "आता क्षेत्रभेट सक्तीची झालीये. भूगोलवाले डोंगरावर जातात, वाणिज्यवाले कारखान्यात जातात. तुमचा वर्ग इतक्या वर्षांत कुठे गेला?"

"आम्ही अंतर्मुख होतो."

"अंतर्मुख होण्याचा जिओ-टॅग फोटो निघत नाही, सर. मार्चमध्ये तपासणीची समिती येतेय. क्षेत्रभेट, तिचे फोटो आणि सहभागी मंडळींचे लेख, एवढं दाखवा. दाखवलंत तर वर्ग राहिला. नाहीतर त्या खोलीत डेटा सायन्स बसवायचं ठरलंय. संगणक येऊन पडलेत."

संगणक खरोखरच येऊन पडले होते. सरांच्या वर्गाबाहेरच खोक्यांची उतरंड होती, आणि गेले पंधरा दिवस सर त्यांच्यामधून अंग चोरून वर्गात शिरत होते.

लेखन शिकवता येत नाही, असं म्हणणारे लोक पुण्यात फार. ते सगळेच्या सगळे लिहितात. खांबेटे सरांना या लोकांनी आयुष्यभर छळलं होतं. एक कवितासंग्रह, त्यावर आलेलं एक परीक्षण (तेही मेहुण्याने लिहिलेलं), आणि एकोणिसाव्या शतकातल्या त्र्यंबकशास्त्री बावधनकर नावाच्या विस्मृतीत गेलेल्या प्रवासलेखकावर केलेली पीएच.डी., अशी त्यांची वाङ्मयीन इस्टेट. शास्त्रीबुवा विस्मृतीत गेले होते ते सरांच्या प्रबंधानंतरही बाहेर आले नाहीत. उलट प्रबंध त्यांच्या सोबतीला आत गेला.

पण या शास्त्रीबुवांनी एक गोष्ट केली होती. शाळा तपासायला पायी फिरत असताना नीरेकाठच्या कोरेघाट गावी ते नावेसाठी थांबले. नावाडी दिवसभर आलाच नाही. शास्त्रीबुवा घाटाच्या पायरीवर बसून राहिले आणि त्या न येण्याबद्दल त्यांनी पानंच्या पानं लिहिली. नदी, बगळा, पायरीवरचं शेवाळ, पलीकडे धुणं धुणारी बाई. बाकी काही नाही. पीएच.डी.च्या दिवसांत तरुण खांबेटे त्याच पायरीवर जाऊन एक तास बसले होते. त्या तासात त्यांना जे कळलं, त्याच पुंजीवर त्यांनी पुढची सगळी वर्षं शिकवलं. बसा. पाहा. मग लिहा. फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकोन कायमचा आखलेला असे आणि त्यात बंदी घातलेली वाक्यं असत. 'निसर्गाने मुक्तहस्ते केलेली उधळण' हे त्यात सर्वांत वर.

तेव्हा क्षेत्रभेट कोरेघाटलाच जाणार होती. अकरा मुलं, एक पायरी, एक तास. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. वर्ग आपल्या हातात संपला, असं सरांना व्हायला नको होतं. आपण गेल्यावर संपला असता तर त्यांची हरकत नव्हती. तो एक प्रकारचा सन्मानच झाला असता.

वर्गात त्यांनी हे जाहीर केलं तेव्हा अकरापैकी सहा जण हजर होते.

"सर, ओव्हरनाइट आहे का?" सौमित्रने विचारलं. याला कादंबरी लिहायची होती आणि तिच्या मुखपृष्ठापर्यंत तो पोचला होता.

"नाही. संध्याकाळी परत."

"मग ट्रिप कशी म्हणायची सर तिला?"

"क्षेत्रभेट म्हणायची."

"तिथे रेंज आहे का?" राजनंदिनीने विचारलं.

"नसावी."

वर्गावर शोककळा पसरली. मग मागच्या बाकावरून पूर्वा बोलली. ही भंडाऱ्याची मुलगी. हिंजवडीला एका कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या नोकरीला होती आणि शिफ्टला जायच्या आधी वर्गाला यायची. "सर, म्हणजे एक तास नुसतं बसायचं?"

"हो."

"मी नोकरीत तेच करते. फक्त समोर नदी नसते."

तीस वर्षांत विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं बरं वाक्य, असं सरांना वाटलं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. पुण्यात कौतुक मनात ठेवायची पद्धत आहे. तिथे ते टिकतं.

परवानगीची फाइल कार्यालयात गेली आणि तिथून तिला पाय फुटले. अधीक्षक म्हणाले, प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांची संमती लागेल. शाईची सही, मूळ प्रत, मोबाइलवरचा फोटो चालणार नाही.

"अहो, मुलं पदवीधर आहेत. एकाचं तर लग्न झालंय."

"मग त्याच्या पत्नीची आणा."

पूर्वाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सर, घर माझ्या पगारावर चालतं. बाबा काही करायचं झालं तर मला विचारतात. त्यांची संमती आणायची म्हणजे आधी मी त्यांना संमती द्यायला संमती द्यायची." तरी तिने आणली. भंडाऱ्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येणाऱ्या आतेभावाच्या खिशातून ती आली, घडी पडलेली आणि चिवड्याच्या तेलाने जराशी पारदर्शक झालेली.

अधीक्षकांनी ती उजेडासमोर धरली. "चालेल. पण सोबत महिला प्राध्यापक कोण?"

मोकळी महिला प्राध्यापक कोणीच नव्हती. असलेल्या दोघी पेपर तपासण्यात गाडल्या गेल्या होत्या. शेवटी सरांच्या पत्नी कुमुदताई, ज्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, त्यांचं नाव 'महिला प्रतिनिधी' म्हणून मंजूर झालं.

"मी येईन," कुमुदताई म्हणाल्या, "पण अहो, त्या पोरांत मी एकटी काय करू? कांताबाईंना घेते."

कांताबाई म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या. त्या कुठेही निघाल्या की सोबत त्यांचे यजमान बापूराव असत, कारण घराची किल्ली एकच होती आणि ती दुसऱ्यावर सोपवण्याइतका विश्वास दोघांचा एकमेकांवर नव्हता. फाइलमध्ये तेवढ्यात 'प्रथमोपचार प्रशिक्षित व्यक्ती' असा नवा रकाना निघाला. बापूरावांनी कधीतरी बँकेतर्फे एका शिबिरात पुतळ्याच्या तोंडात हवा भरली होती. त्यांना तिथे बसवलं. सरांना हायसं वाटलं. पुढे जे घडलं त्याची सुरुवात या हायसं वाटण्यात होती.

मग बस. खासगी गाडी चालणार नव्हती, एसटीच हवी होती. सर स्वारगेटला गेले. खिडकीमागचे गृहस्थ सौजन्याने वागले, त्यामुळे सर आधीच बिथरले.

"प्रासंगिक करार, म्हणजे अख्खी बस भाड्याने. मिळेल. बस चव्वेचाळीस आसनी."

"आम्ही पंधरा आहोत. लहान नाही का?"

"अहो सर, तुम्ही पंधरा जा नाहीतर एकटे जा, बस तेवढीच येणार. कापून कशी देऊ?"

चव्वेचाळीसातून पंधरा गेले, उरले एकोणतीस. सर साहित्याचे असल्यामुळे त्यांनी ही वजाबाकी केली आणि विसरून गेले. कुमुदताई गणिताच्या. त्यांनी ती सोसायटीच्या लिफ्टमध्ये सहज बोलून दाखवली.

शनिवार पेठेतल्या मध्यमवर्गाला तुम्ही उपाशी ठेवा, रांगेत उभं करा, त्याच्या दुपारच्या झोपेत दार वाजवा. तो एखादं पत्र लिहून गप्प बसेल. पण आधीच ठरवलेल्या बसमधली एकोणतीस आसनं रिकामी जाणार आहेत, हे त्याला सांगू नका. ते त्याच्याच्याने सोसवत नाही. संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष हिंमतराव जगदाळे सरांच्या दारात उभे राहिले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. वाया जाणारं पाणी पाहून न हललेला हा माणूस वाया जाणाऱ्या आसनांनी मुळापासून हलला होता.

"सर, रिकामी बस नेणं हे पाप आहे."

"ती शैक्षणिक सहल आहे, हिंमतराव."

"मग आम्ही काय अशिक्षित आहोत?"

याला उत्तर होतं, पण ते दिल्यानंतर सोसायटीत राहता आलं नसतं.

"आम्ही मागे बसू. चूं करणार नाही. तुम्ही तुमचं पोरांना शिकवा. आणि सर, नीरा म्हणजे तुमचं सासवड वाटेतच की."

"वाटेतच आहे."

"जेजुरी?"

"तीही वाटेतच आहे म्हणा."

"मोरगाव?"

"मोरगाव वाटेत नाही."

"जरा वळून वाटेतच," हिंमतराव म्हणाले आणि घाईने जिना उतरले. खालच्या मजल्यावर त्यांनी दोन दारं वाजवल्याचं सरांनी ऐकलं.

जायच्या दिवशी सकाळी महाविद्यालयाच्या फाटकाशी बस आली तेव्हा सोसायटी आधीच बसून चुकली होती. स्वेटर, कानटोप्या, पाण्याचे थर्मास, मांडीवर डबे. मागे बसू म्हणणारी मंडळी पुढे बसली होती, कारण मागे हाडं खिळखिळी होतात. हिंमतरावांच्या मातोश्री मथुराबाई ड्रायव्हरच्या मागच्या आसनावर शालीत गुंडाळून ठेवल्या होत्या. गणपतीतला स्पीकर आला होता. अकरापैकी विद्यार्थी आले होते तीन : सौमित्र, राजनंदिनी आणि रात्रपाळी करून तशीच आलेली पूर्वा. बाकी आठांच्या घरी त्या सकाळी एकदम आजारपणं उपटली होती. ग्रुपवर एकाखाली एक आजोबा टाकलेले होते.

"तीन तर तीन," सर स्वतःशी म्हणाले. शास्त्रीबुवा तर एकटेच बसले होते.

हडपसरला सौमित्रचा फोन वाजला. हिंजवडीच्या एका कंपनीत त्याला दुपारीच मुलाखतीला बोलावलं होतं. "सर, सॉरी सर, पण जॉब आहे सर," म्हणत तो उतरला आणि उलट्या दिशेच्या रिक्षात बसला. कादंबरीची पिशवी आसनावरच राहिली. कांताबाईंनी ती उघडून पाहिली; आत सँडविच होतं. ते वाया जाऊ दिलं नाही. दिवे घाटात राजनंदिनीला मळमळायला लागलं. बापूरावांनी प्रथमोपचार म्हणून तिला लिंबाचं लोणचं दिलं, त्यानंतर तिला खरोखरच उलटी झाली. सासवडला तिची मावशी राहत होती. मावशी स्कूटरवरून आली, बसमधल्या सगळ्यांकडे संशयाने पाहून तिने भाचीला मागे बसवलं आणि नेलं.

"पोरगी नाजूक आहे," हिंमतराव स्पीकरवरून म्हणाले. "असो. मंडळी, सासवड आलेलं आहे. मटार!"

हिवाळ्यात सासवडचा मटार पाहून पुणेकर माणूस कोणत्या थराला जातो, हे इथे लिहिण्यासारखं नाही. बस अर्धी रिकामी झाली आणि पोत्यांनिशी भरली. दोन आसनांमधल्या वाटेत मटार उभा राहिला. सरांचा पाय एका पोत्यात अडकला तो जेजुरीपर्यंत तिथेच होता.

जेजुरीला मंडळी गडावर चढली. मथुराबाईंना चढवेना, म्हणून त्यांच्यापाशी कुणीतरी थांबायला हवं होतं. आणि ज्याला देवाकडे काही मागायचं नाही असा दिसणारा माणूस एकच होता. सर खाली राहिले. पूर्वा मागच्या आसनावर जॅकेट तोंडावर ओढून गाढ झोपली होती.

"तुम्ही काय करता?" मथुराबाईंनी विचारलं.

"कॉलेजात शिकवतो, आजी."

"काय शिकवता?"

"लिहायला."

मथुराबाईंनी शाल सारखी केली. "कॉलेजात आली पोरं," त्या म्हणाल्या, "तरी अजून लिहायला येत नाही?"

"नाही येत," सर म्हणाले. आयुष्यभराच्या कामाचं इतकं नेमकं परीक्षण मेहुण्यालाही जमलं नव्हतं.

मंडळी भंडाऱ्याने पिवळी होऊन उतरली. जेवण झालं. जेवणावर डुलकी झाली. मोरगावला जरा वळून दर्शन झालं, आणि तिथे बापूरावांची चप्पल हरवली. ती शोधण्यात सगळ्यांनी मदत केल्यामुळे आणखी दोघांच्या हरवल्या. सर बसच्या पायरीवर उभे राहून मनगटाकडे पाहत होते. कुमुदताई जवळ आल्या.

"अहो, रागावू नका. लोकांना जरा बरं वाटतंय."

"मी रागावलो नाही. मला फक्त एक तास हवाय."

"मिळेल हो."

गणिताच्या बाई इतक्या बेहिशेबी आशावादी असू शकतात, याचं सरांना लग्नापासून नवल होतं.

कोरेघाटला बस पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. घाट होता तिथेच होता. पायऱ्या होत्या. वर एक पंपघर झालं होतं, त्याच्या भिंतीवर कुणा युवा नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. पाण्यावर जलपर्णी इतकी माजली होती की नदीचं मैदान झालं होतं. त्यात एक बगळा उभा होता. शास्त्रीबुवांच्या बगळ्याचा हा पणतू-खापरपणतू असणार, असं सरांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

"अर्धा तास," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी वेळेत आगारात लागली पाहिजे. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, सर."

"अर्धा तर अर्धा. चला, पूर्वा."

"आधी फोटो!" हिंमतराव गरजले. "समितीला फोटो लागतोय ना? तुम्हीच सांगितलंत."

महाविद्यालयाचा फलक उलगडला गेला. मंडळी पायऱ्यांवर उंचीप्रमाणे उभी राहिली. उंचीवरून दोन जुनी भांडणं पुन्हा निघाली. फोटो काढला, पण त्यावर ठिकाणाचं नाव उमटेना. रेंज नव्हती. बापूरावांनी फोन डोक्यावर धरला, मग काठीला बांधला. शेवटी कुणीतरी म्हणालं, वर रस्त्याला येते. सगळा जथा फलकासकट वर चढला. रस्त्यालगत एक पोल्ट्री होती, तिच्या फाटकासमोर रेंजच्या दोन काड्या आल्या. सरांना खेचून मधोमध उभं करण्यात आलं. मागच्या पाटीवर 'कोंबडीखत मिळेल' असं होतं. ते झाकण्यासाठी उंच माणसं मागे घेतली, तर शेजारची पाटी दिसायला लागली. एकदाचा फोटो निघाला. अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि तीसएक माणसं, सगळी आनंदात.

सर धावत म्हणावं अशा गतीने घाट उतरले तोपर्यंत ड्रायव्हरने हॉर्न दिला होता.

खालच्या पायरीवर पूर्वा बसली होती. ती फोटोला आलीच नव्हती. ती नदीकडे पाहत होती, हातात काही नव्हतं. सर तिच्यापासून चार पायऱ्या वर बसले. हॉर्न पुन्हा वाजला. बगळा उडाला.

"किती वेळ झाला?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही सर. बघत होते."

"काय दिसलं?"

"अजून काही नाही."

"बरोबर," सर म्हणाले. "इतक्यात दिसत नाही."

तिसरा हॉर्न वाजला, आणि त्यावर हिंमतरावांचा स्पीकर. "सर, आपल्यामुळे सगळे खोळंबलेत!"

परतीच्या वाटेवर बसमध्ये वर्तमानपत्रं पसरली गेली. घरी नेऊन सोलायचा तर इथेच सोलू, वेळ वाया कशाला घालवा, असा विचार मांडला गेला आणि तो एकमताने मंजूर झाला. बसभर मटार सोलला जाऊ लागला. कुणीतरी सरांच्या मांडीवरही एक पान पसरून ढीग ओतला.

सोसायटीने लेख लिहिले. कुणी सांगितलं नव्हतं; समितीला लेख लागतात एवढं कानावर होतं, तेवढं पुरलं. आठवड्याभरात सरांच्या दाराशी गठ्ठा साठला. कांताबाईंनी दर्शनाचं वर्णन केलं होतं. बापूरावांनी चपलेचं केलं होतं, आणि ते त्यातल्या त्यात बरं होतं, कारण त्यात दुःख खरं होतं. हिंमतरावांचा लेख टंकलिखित असून त्याला प्रस्तावना होती. कोरेघाटच्या जलपर्णीवर निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केल्याचं प्रत्येकाने लिहिलं होतं, कुणी 'मुक्तहस्ते', कुणी 'दोन्ही हातांनी'. सरांनी लाल पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं.

पूर्वाचा कागद शेवटी आला. अर्धं पान. त्यात नदी दोन ओळींत संपली होती. पुढे होतं : 'परत येताना बसमध्ये सगळे मटार सोलत होते. सर सोलत नव्हते. त्यांच्या मांडीवर शेंगा होत्या आणि ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर अंधार होता, त्यामुळे काचेत त्यांना बसच दिसत असणार. फुरसुंगीच्या पुढे सरांनी एक शेंग उचलली. मग दुसरी. हडपसरपर्यंत ते सगळ्यांच्या बरोबरीला आले होते.'

सरांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांना अपमान वाटला. त्यांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांना कळलं की ज्यासाठी तीस वर्षं वर्गात उभं राहिलो, ते आलंय. ते आपल्याबद्दलच लिहिलेलं येईल, एवढं मात्र त्यांनी धरलं नव्हतं. त्यांनी कुमुदताईंना वाचून दाखवलं.

"छान लिहिलंय," कुमुदताई म्हणाल्या. "आणि अहो, तुम्ही खरंच भरभर सोललात."

मार्चमध्ये समिती आली. तिघं होते. प्राचार्यांनी पोल्ट्रीसमोरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. समितीच्या अध्यक्षबाई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"विद्यार्थी जरा प्रौढ दिसतात," त्या म्हणाल्या.

खांबेटे सरांनी डोळे मिटले. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण प्राचार्य त्या खुर्चीवर उगाच बसले नव्हते.

"आजीवन शिक्षण, मॅडम," ते म्हणाले. "समाजाभिमुख उपक्रम."

अध्यक्षबाईंचा चेहरा उजळला. दिवसभर त्यांनी डेटा सायन्सचेच वर्ग पाहिले होते. लेखांचा गठ्ठा मागवण्यात आला. मुक्तहस्ते केलेल्या उधळणीखाली समितीने पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात 'उत्कृष्ट' लिहिलं. पूर्वाचा अर्धा कागद बाजूला ठेवला गेला. किमान हजार शब्दांची अट होती. सर म्हणाले, "तो एक वाचा. बाकी नाही वाचलंत तरी चालेल." अध्यक्षबाईंनी वाचला. "यात क्षेत्राविषयी फारसं काही नाहीये," त्या सौम्यपणे म्हणाल्या, "आणि प्राध्यापकांविषयी आदर जरा कमी वाटतो."

अहवाल आला. वर्ग वाचला होता. नुसता वाचला नव्हता, त्याचा विस्तार करण्याची शिफारस होती : 'ज्येष्ठ नागरिकांसाठी सर्जनशील लेखन पदविका', वयाची अट साठ पूर्ण. जुनी पदविका तिच्यातच विलीन. सोसायटीने पहिल्याच दिवशी प्रवेश घेतले. हिंमतरावांनी पेढे वाटले आणि सरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सर, तुमचा वर्ग आम्ही वाचवला. विसरू नका."

विसरणं शक्य नव्हतं.

जूनमध्ये पूर्वा चौकशीला आली. तिचं पदविकेचं वर्ष संपलं होतं, पण तिला लिहायचं होतं. आता कुठे सुरू झालंय, म्हणाली. सर तिला बाहेर बसवून प्राचार्यांकडे गेले. या वेळी चहा मागवला गेला नाही.

"एकच मुलगी आहे," सर म्हणाले. "मागे बसेल. नुसती ऐकायला बसेल."

"सर, नियम म्हणजे नियम."

"एका मुलीने काय होणार आहे?"

प्राचार्य पुढे झुकले. त्यांना खरोखरच काळजी वाटत होती. "आज एक येईल. उद्या सगळेच तरुण यायला लागले तर?"

सर बाहेर आले. पूर्वा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. संगणकांची खोकी कुणीतरी हलवली होती, त्यामुळे दोघांना उभं राहायला जागा होती. त्यांनी तिला सांगितलं. तो अर्धा कागदही परत दिला. त्यावर लाल पेनाने काहीच केलेलं नव्हतं. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"काहीच चूक नाही सर?"

"एक आहे. मी फुरसुंगीच्या आधीच सुरुवात केली होती. तू तेव्हा दुसरीकडे बघत होतीस."

ती हसली. कागद तिने पिशवीत ठेवला. "साठ पूर्ण म्हणजे मला अजून सदतीस वर्षं आहेत. तेव्हा येते सर. तुम्ही असाल ना?"

"फोन करून ये," सर म्हणाले.

ती जिना उतरून गेली. तिची हिंजवडीची बस होती, चुकवून चालणार नव्हती. सर वर्गात शिरले. सगळे वेळेआधी येऊन बसले होते, वह्या उघड्या, पेनं तयार. मथुराबाईंनासुद्धा खुर्चीतून आणलं होतं. सरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. नावामागून नाव, आणि प्रत्येक नावाला खणखणीत 'हजर'. शेवटच्या नावापर्यंत एकही माणूस गैरहजर निघाला नाही. असं त्यांच्या कारकिर्दीत कधी झालं नव्हतं, आणि आता ते रोज होणार होतं.